हतनूरच्या फुगवट्यावर गावाने चालवायचं पक्षी पर्यटन: कोकणातून काय शिकावं, काय तिथेच सोडावं?

संगमकाठ (मुक्ताईनगर)

राम राम मंडळी. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, हतनूर धरणाच्या फुगवट्याला (धरणामागे पसरलेल्या पाण्याला) लागून आमचं गाव आहे. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की बदकांचे थवे येतात आणि त्यांच्या मागोमाग भुसावळ, जळगाव, बऱ्हाणपूरच्या गाड्या. फोटो काढणारे गाळपेरीतून (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर केलेल्या शेतीतून) थेट पाण्यापर्यंत मोटारसायकल घालतात. होड्या मनाला येईल त्या भाड्याने दिल्या जातात. ग्रामसभेत ठरलं की हे सगळं गावानेच नियमात बसवून चालवायचं. महिला बचत गट, मच्छीमार संस्था आणि ग्रामपंचायत, तिघेही तयार आहेत.

मार्चमध्ये बारा-चौदा जण कोकणात पाहणीला जाणार आहोत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची कासवं आणि वेंगुर्ल्याची मांडवी खाडी ही दोन ठिकाणं डोक्यात आहेत. विचारायचं असं: तिथे नेमकं काय पाहावं आणि कसं वागावं? त्यातलं काय आपल्या धरणाला लागू पडतं? परवानग्या कोणाच्या लागतील? आणि पैसा कसा वाटला म्हणजे वर्षभरात गावात भांडणं लागणार नाहीत? "लोकसहभाग महत्त्वाचा" असं सगळेच सांगतात, आम्हाला तपशील हवा आहे.

खाडीवाट

दादा, आधी वेळासच्या तारखांचं. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लांचा काळ, आणि मार्चचा दुसरा पंधरवडा तुम्हाला सोयीचा. आरक्षण करण्याआधी गावात फोन करून विचारा की कोणती घरटी किती दिवसांची झाली आहेत. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा दोन मुक्काम केले तर तीन-चार संधी मिळतात. तरीही पिल्लं दिसतीलच अशी खात्री कोणी देणार नाही. तुमच्या गावानेही पक्ष्यांची देऊ नये.

तिथे गेल्यावर पिल्लांइतकंच लक्ष हॅचरीकडे (कासवाची अंडी राखायच्या कुंपणाकडे) द्या. मादी रात्री येते, मागच्या, वल्ह्यासारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा करते आणि शंभर-सव्वाशे अंडी घालून निघून जाते. पहाटे गस्त घालणारे कासवमित्र वाळूवरच्या खुणांवरून घरटं शोधतात. अंडी काढताना ती फिरवायची नाहीत, कारण काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं उलटं झालं तर मरतो. मग तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा कुंपणाच्या आत करून अंडी पुन्हा पुरतात. प्रत्येक घरट्याला तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते. ही नोंदवही दाखवायला सांगा. किती अंडी ठेवली, किती पिल्लं निघाली, किती वाया गेली हे एका नजरेत कळतं. खोली चुकली की तापमान बदलतं, आणि पिल्लू नर होणार की मादी हे तापमानावरच ठरतं: थंड वाळूत नर जास्त, उष्ण वाळूत माद्या जास्त.

वागण्याचं म्हणाल तर दोरीच्या मागे राहायचं. बॅटरी, मोबाईलचा दिवा आणि फ्लॅश बंद. पिल्लू समुद्राकडच्या उजळ क्षितिजाकडे चालतं, मागे दिवा दिसला की उलटं वळतं. हातात घ्यायचं नाही, उचलून पाण्यातही सोडायचं नाही. तेवढं वाळूवरून त्याचं त्यानेच चालायचं असतं. तुमच्यातल्या प्रत्येकाला हे बसमध्येच सांगून ठेवा, किनाऱ्यावर समजावायला वेळ नसतो.

वेळासला हे काम २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना घेऊन सुरू केलं. आधी अंडी चोरीला जायची, कोल्ही-कुत्री उकरायची. काही वर्षं नुसती राखण झाली. महोत्सव आणि घराघरांतले मुक्काम त्यानंतर आले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पर्यटक आले नाहीत त्या वर्षीही गस्त चालू राहील का, हा प्रश्न तिथल्या लोकांना विचाराच, आणि तोच स्वतःच्या गावालाही.

मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. तिथे वेळ भरती ठरवते. जुना हिशेब असा: तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला अकरा-साडेअकराच्या आसपास. ठिकाणाप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, म्हणून नेमकी वेळ त्यांनाच विचारा. भरतीला होडी अरुंद फाट्यात शिरते. ओहोटीला श्वासमुळं, खेकडे आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे दिसतात. तिवराच्या (कांदळवनातल्या एका झाडाच्या) पानाची खालची बाजू बोटाने पुसून चाखा, मीठ लागेल. त्या बायकांशी बोलायला आपल्या बचत गटातल्या बायकांनाच पुढे करा. एका होडीत किती माणसं घेता, लाइफ जॅकेट न घालणाऱ्याला काय सांगता, पावसाळ्यात उत्पन्न कशाचं, झाडा-पाखरांची नावं कोणी शिकवली, हे त्या मोकळेपणाने सांगतील.

प्रवास: भुसावळ-जळगावहून रेल्वेने कल्याण किंवा पनवेल, पुढे गाडी करून मुंबई-गोवा महामार्गाने मंडणगड मार्गे वेळास. श्रीवर्धनच्या बाजूने गेलात तर बागमांडला-वेसवी फेरीबोट आहे. ती रात्री चालत नाही, हे लक्षात ठेवून निघा. वेळासहून वेंगुर्ला लांब पडतं, मध्ये अख्खा रत्नागिरी जिल्हा आहे. गाडी खेडला सोडून कोकण रेल्वेने कुडाळ गाठा, म्हणजे पाठीचे हाल होणार नाहीत.

पाणपक्षी_भुसावळ

वर खाडीवाट यांनी लिहिलंय की खाडीत वेळ भरती ठरवते. हतनूरला सगळं धरणाच्या पातळीवर अवलंबून आहे, आणि आराखडा तिथूनच सुरू व्हायला हवा.

पावसाळ्यानंतर फुगवटा भरलेला असतो तेव्हा पाणी खोल आणि पक्षी विखुरलेले. पाणी उतरू लागलं की काठावर उथळ पट्टे तयार होतात. तलवार बदक, थापट्या ही वरवर चरणारी बदकं साधारण गुडघाभर किंवा त्याहून कमी पाण्यात खातात. मोठी लालसरी (हेही बदकच) पाणवनस्पती असलेल्या थोड्या खोल पाण्यात बुडी मारते. हतनूरची ओळख तिच्यामुळेच आहे. चिखलाच्या कडेला तुतवार, चिखले, शेकाटे हे चिखलात चरणारे पक्षी. म्हणजे एकाच काठावर तीन पट्टे असतात आणि पातळी उतरेल तसे ते आत सरकत जातात. नोव्हेंबरमध्ये आखलेला होडीचा मार्ग जानेवारीत चुकीचा ठरतो. दर पंधरा दिवसांनी पातळीचा आकडा पाटबंधारे विभागाकडून घ्या आणि मार्ग पुन्हा ठरवा.

फेब्रुवारीनंतरचा काळ तर फारच नाजूक. पाण्यातून वाळूची, गोट्यांची बेटं वर येतात आणि नदी सुरय, छोटी आर्ली, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणून नुसता खळगा, अंड्यांचा रंगही वाळूसारखा. माणूस बेटावर उतरला की पाय कुठे पडतोय ते त्याला कळत नाही. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात आई-बाप उठून गेले की अंडं काही मिनिटांत भाजतं. हे पक्षी पोटाची पिसं भिजवून आणतात आणि अंडी-पिल्लं थंड ठेवतात, त्यांना सारखं उडवलं की तेही जमत नाही. म्हणून १५ फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत बेटं पूर्ण बंद. पर्यटकाला, फोटोवाल्याला, गावच्या सरपंचालाही.

वेळासची एक गोष्ट इथे अजिबात उचलू नका: अंडी हलवणं. कासवाची मादी अंडी घालून परत जाते, म्हणून ती वन विभागाच्या देखरेखीखाली हलवता येतात. पक्ष्यांचे आई-बाप अंड्यांवर बसलेले असतात. अंडी उचलून 'सुरक्षित' जागी ठेवली तर ती सोडून दिली जातात, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

आता होडी. मोटार नको, वल्हं हवं. मोटारीचा आवाज आणि लाट या दोन्हींनी थवा लांबूनच उठतो आणि मग मागच्या होडीलाही काही दिसत नाही. चार पाहुणे, एक वल्हं मारणारा, एक मार्गदर्शक, बस. थव्याच्या दिशेने सरळ जायचं नाही. तिरपं, जणू बाजूने निघून चाललोय असं जायचं. थवा आणि मोकळं पाणी यांच्या मधे होडी कधी घालू नये. शंभर मीटर ही सुरुवातीची सीमा धरा, पण खरी सीमा पक्षीच सांगतात: चरणं थांबलं, माना वर झाल्या, सगळे एका दिशेला सरकू लागले की वल्हं थांबवायचं आणि हळूच मागे यायचं. उडाले तर मर्यादा आधीच ओलांडली गेली. पुष्कळ बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर झोपतात. 'नुसती बसलीत, उडवा जरा' म्हणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती उत्तरेकडच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. पट्टकादंब या पक्ष्याला पुढे हिमालय ओलांडायचा असतो. प्रत्येक उड्डाणात तीच साठवण खर्च होते.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष होडीशिवायच करा. काठावर दोन निरीक्षण जागा पुरतात. सकाळची जागा पूर्वेच्या काठावर, म्हणजे ऊन पाठीमागे राहील. संध्याकाळची पश्चिमेच्या. तुरकाट्यांचा माणूसभर उंच आडोसा, त्यात दोन उंचीवर खिडक्या, एक मोठ्यांसाठी आणि एक शाळेच्या पोरांसाठी. खर्च जवळजवळ नाही आणि पाणी वाढलं तर काढूनही घेता येतो. दुर्बीण ८×४२ ची घ्या. २०×५० वाल्या दुकानदार मोठ्या कौतुकाने दाखवतात, पण हातात थरथरतात, होडीत तर काहीच दिसत नाही. तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) एक असला तरी वीस माणसांना पुरतो. तो फक्त काठावर वापरा.

जाळ्यांचंही आत्ताच बोलून घ्या. नायलॉनची उभी जाळी उथळ पाण्यात रात्रभर राहिली की बुडी मारणारी बदकं त्यात अडकतात. मच्छीमार संस्थेने लालसरीच्या चरण्याचा पट्टा डिसेंबर-फेब्रुवारीत सोडून द्यायचा आणि फाटकी जाळी पाण्यात न टाकता जमा करायची, एवढं जरी ठरलं तरी मोठं काम होईल. त्यांचं नुकसान होतंय का ते पाहून मग होडीच्या फेऱ्यांत त्यांना आधी पाळी द्यावी.

आणि कोकणात जाण्याआधी निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर पाहून या. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा, म्हणजे तेही हतनूरसारखं पाटबंधाऱ्याचंच पाणी. १९८६ साली अभयारण्य झालं, पुढे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. गावातली पोरं मार्गदर्शक म्हणून काम करतात. मनोरे कुठे बांधलेत आणि गाड्या किती लांब थांबवतात, ते मोजून आणा.

बागवान_रावेर

सगळं पटलं, पण व्यवहाराचं विचारतो. रविवारी पाचशे माणूस येतो, चांगदेवला दर्शन झालं की पाण्याकडे वळतो. त्याला मोटारबोट नाही, चार माणसांची होडी, तीही नंबर लावून. तो चिडणार आणि दुसऱ्या गावात जाणार. हंगाम चार महिन्यांचा. यात गावाचं पोट भरेल का?

रानभाजी_साक्री

भाऊ, पोट भरणार नाही. भरेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. केळी, कपाशी, मासे हेच पोटाचं साधन राहील. पर्यटन हा त्यावरचा जोड पैसा, आणि तो तसाच ठेवला तर गाव पाण्यावर ओढाताण करत नाही.

आमच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने साडेचारशे हेक्टरच्या आसपास जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली म्हणून आता सगळे विचारतात, पण मुळात तिथे पर्यटन नव्हतंच. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, लाकूड तोडणाऱ्याला दंड, खबर देणाऱ्याला बक्षीस आणि पाळीपाळीने राखण. विहिरींना पाणी आलं, शेती सुधारली. वनभाजी महोत्सव नंतर आला. बायका रानभाज्या शिजवून मांडतात, पाहुणे जेवून जातात. जंगलाला त्याचा धक्का लागत नाही, कारण माणसं ताटासमोर बसलेली असतात.

तुमच्या पाचशे माणसांना हेच लागू पडतं. दर्शनाला आलेला माणूस आणि पक्षी बघायला आलेला माणूस यांना एकाच वाटेने नेऊ नका. चांगदेवचं मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे बांधकाम, टपऱ्या काही करता येणार नाही. पण गावात, पाण्यापासून लांब, बचत गटाची जेवणाची पंगत चालू शकते: कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, वरण-बट्टी. भरताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजा, नदीकाठची बाभूळ तोडू नका. वाढायला केळीची पानं आपल्याकडे वाट्टेल तेवढी. संगमाचं भूगोल-इतिहास सांगणारी अर्ध्या-पाऊण तासाची फेरी घाटावरच करा. पाचशेतले साडेचारशे इथेच समाधानी होतात. उरलेल्या पन्नासांतले चोवीस सकाळी होडीत आणि बाकीचे आडोशाला. चोवीसच्या वर नोंदणी संपली म्हणजे संपली. आमदाराचा पाहुणा आला म्हणून पंचविसावा घेतला की पुढच्या रविवारी चाळीस होतात.

मोटारबोटीची हौस असलेला दुसऱ्या धरणावर गेला तर जाऊ द्या. त्याला धरून ठेवायला गेलात तर लालसरी जाईल.

कागदपत्र_जळगाव

परवानग्यांबद्दल थोडक्यात. हतनूरची जमीन आणि पाणी पाटबंधारे खात्याचं, म्हणून ग्रामसभेचा ठराव घेऊन तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज करा. अर्जात होड्यांची संख्या, वल्ह्याच्या की कशा, कोणत्या महिन्यांत, कोणत्या काठावरून आणि धरणाच्या भिंतीपासून किती लांब हे लिहा. भिंत आणि दरवाजांकडे जाण्याचा विषयच काढू नका. मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिचं ना-हरकत पत्र सोबत जोडा, नाहीतर पहिली तक्रार तिथूनच होईल.

एक गैरसमज असतो की पाणथळ जागा म्हटलं की कायद्याचं संरक्षण आपोआप मिळतं. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. त्यामुळे गावाला आपला आधार वेगळा उभा करावा लागतो. सोपी पायरी म्हणजे जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ती ग्रामपंचायत पातळीवर असायलाच हवी. बहुतेक ठिकाणी कागदावर असते, तिला जागं करा. लोक जैवविविधता नोंदवहीत बेटं, चरण्याचे पट्टे, मासे, गाळपेर, सगळं नकाशासह लिहून घ्या. पुढे कधी संरक्षणाचा दर्जा मागायचा झाला तर शासकीय जमिनीसाठी वन्यजीव कायद्यात 'संवर्धन राखीव' ही तरतूद आहे आणि तिच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीला जागा असते. तुमच्याच तालुक्यात मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव आहे, तिथल्या वन कर्मचाऱ्यांकडून प्रक्रिया समजून घेता येईल. पण ही दूरची गोष्ट, पहिल्या वर्षी मागे लागू नका.

ड्रोन नाही. पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवून बोलावणं नाही. हे दोन्ही ग्रामसभेच्या ठरावात शब्दशः लिहा, म्हणजे पोरांना पाहुण्याशी वाद घालावा लागत नाही, ठरावाची पाटी दाखवली की झालं.

बचतगट_हिशेब

पैशाचं मी सांगते. भांडणं दोन गोष्टींवरून होतात: पाळी कोणाची आणि रोकड कोणाच्या खिशात. दोन्ही पहिल्या दिवशी बांधून टाका.

नमुना म्हणून हिशेब. तीन होड्या, प्रत्येकी चार पाहुणे, सकाळच्या दोन फेऱ्या म्हणजे चोवीस जण. माणशी ३०० रुपये धरले तर ७,२०० रुपये. त्यातले ३५ टक्के वल्हं मारणाऱ्यांना म्हणजे २,५२०, तिघांत ८४० प्रत्येकी. २५ टक्के मार्गदर्शकांना, १,८००, तिघांत ६०० प्रत्येकी. १५ टक्के होडी-जॅकेट-दुर्बिणीच्या देखभालीला, १,०८०. तेवढेच १,०८० राखणीच्या खात्यात. उरलेले १० टक्के, ७२०, नोंदणी आणि पावत्या सांभाळणाऱ्या बचत गटाला. दर तुम्ही तुमचे ठरवा, पण टक्केवारी ग्रामसभेत ठरू द्या आणि हंगामाच्या मध्ये बदलू नका. राखणीच्या खात्यातून एप्रिल-मेमध्ये बेटांवर नजर ठेवणाऱ्या दोघांची मजुरी निघाली पाहिजे, कारण तेव्हा पाहुणे नसतात आणि काम मात्र तेव्हाच असतं. हे खातं वेगळं, दोन सह्यांचं, त्यातली एक सही बचत गटाची. पावतीपुस्तकाला क्रमांक छापलेले असावेत. रोजची रोकड रोज संध्याकाळी वहीत. मोबाईलवरून येणारे पैसेही संस्थेच्याच खात्यात, कोणा पोराच्या नंबरवर कधीच नाही.

मुक्कामाच्या घरांना क्रमांक द्या आणि पाहुणे क्रमाने पाठवा. ज्या घराने नकार दिला ते रांगेत शेवटी. 'आम्हाला त्याच घरी राहायचंय' हे ऐकायचं नाही, नाहीतर रस्त्यावरची दोन पक्की घरं सगळा हंगाम खातात आणि मागच्या गल्लीतल्या बाईचा यातून विश्वास उडतो. त्याऐवजी त्या बाईच्या घरी काय कमी आहे ते बघा. बहुतेक वेळा शौचालयाला आतून कडी नसते, मच्छरदाणी नसते किंवा दिवा नीट नसतो. देखभालीच्या पैशातून ते करून द्या. खोलीत वेगळी नवी फरशी, एसी असलं काही नको, कर्ज होतं आणि मग पाहुणे वाढवण्याचा दबाव येतो.

जेवण देणाऱ्या प्रत्येक घराची किंवा गटाची अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी पुरते. घरच्या मुक्कामाची नोंद पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत करता येते.

पैसे परत करण्याचा नियम नोंदणीच्या वेळीच सांगा. धुकं, वारा किंवा पाटबंधारे खात्याच्या सूचनेमुळे होडी बंद राहिली तर पूर्ण परत. पक्षी कमी दिसले म्हणून काही परत नाही. लाइफ जॅकेट घालायला नकार दिला तर होडी नाही आणि पैसेही परत नाहीत. जॅकेट घेताना लहान मुलांच्या मापाची चार तरी घ्या. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात ते वरून निसटून जातं.

संगमकाठ (मुक्ताईनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठराव लिहायला हेच पुढे ठेवतो. दोन गोष्टी राहिल्या. गाळपेरीवर हरभरा आणि टरबूज लावणारे तीस-चाळीस शेतकरी आहेत, ते म्हणतात 'तुमच्या पाखरांपायी आमची जमीन जाईल'. आणि मोकाट कुत्र्यांचं काय करायचं? बेट काठाला जोडलं गेलं की ती रात्री तिकडेच असतात.

पाणपक्षी_भुसावळ

गाळपेरवाल्यांना पहिल्या बैठकीतच बसवा आणि लेखी द्या की लागवड बंद करण्याचा विषय नाही. त्यांच्याकडून चारच गोष्टी मागा. पाण्याच्या कडेचा पन्नास फुटांचा पट्टा न नांगरता सोडणं. फवारणीचा पंप पाण्यात न धुता शेतातच धुणं. विष लावलेलं बी उघड्यावर न टाकणं, कारण दाणे टिपणारे पक्षी त्याने जागेवर मरतात. आणि हरभऱ्यावर मासेमारीचं जुनं जाळं न पसरणं. बदल्यात टरबूज, हरभऱ्याचा हुळा पाहुण्यांना विकण्याची जागा त्यांचीच, निरीक्षणाच्या वाटेवरची. काठावर साठणाऱ्या केळीच्या घडांवर घालायच्या स्कर्टिंग पिशव्या, वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंगचा कागद आणि ठिबकच्या तुटक्या नळ्या गोळा करायचा दिवस त्यांच्याच सोयीने ठेवा. काढणीनंतर लगेच, पाणी चढायच्या आत. एकदा पाण्याखाली गेल्या की त्या पुढच्या हंगामात पुन्हा वर येतात, तेव्हा तुकडे झालेले असतात आणि वेचता येत नाहीत.

कुत्र्यांसाठी आधी गावातलं उष्टं बघा. पंगत सुरू झाली की उष्टं वाढतं आणि कुत्रीही वाढतात. झाकणाचा खतखड्डा पंगतीच्या पहिल्या दिवसापासून हवा. बेटांचं असं की पाणी किती उतरल्यावर कोणतं बेट जोडलं जातं हे पातळीच्या आकड्यावरून आधीच कळतं. एका हंगामात नोंद ठेवा, पुढच्या हंगामात जोड पडण्याच्या आठवडाभर आधी त्या अरुंद जागी बाभळीच्या वाळल्या काटेरी फांद्यांची आडवी रास घाला, छातीभर उंच आणि पाण्यात दोन्हीकडे हातभर आत गेलेली. पाटबंधारे खात्याच्या अर्जात हे लिहून ठेवा. पाणी चढायच्या आधी फांद्या काढून आणायच्या, नाहीतर मच्छीमारांची जाळी त्यात फाटतील. जनावरं पाण्यावर आणणाऱ्यांना आणि मेंढपाळांना उतरायची वाट बेटापासून लांब आखून द्या आणि ती मुरूम टाकून चांगली करा. चांगली वाट असली की गुरं आपोआप तिकडून जातात.

नोंदीसाठी महिन्यातून एक दिवस ठरवा, त्याच दोन जागा, तीच वेळ. वहीत तारीख, पातळी, हवामान, कोणता पक्षी, किती, आणि त्या दिवशी होड्या किती होत्या एवढे रकाने पुरेत. मोठा थवा मोजताना आधी दहा मोजा, ते दहा डोळ्यात किती जागा घेतात ते पाहा आणि मग तसे गट करत पुढे जा. जानेवारीतली मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेच्या दिवसांत बसवा, म्हणजे तुमचा आकडा इतर जलाशयांच्या आकड्यांबरोबर ठेवता येईल. होड्यांचा रकाना विसरू नका. दोन-तीन हंगामांनी फेऱ्या वाढवायच्या की कमी करायच्या, हे ग्रामसभेला त्याच रकान्यावरून ठरवता येईल.